साडेपाच ते सहा किलोग्रॅम-मीटर

वालीवच्या आमच्या युनिटमध्ये माझं काम बोल्ट तोडण्याचं आहे. लॉटमधून नमुने काढायचे, यंत्रात धरायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लेथ, प्रेस, प्लेटिंगची छोटी-मोठी युनिटं दाटीवाटीने उभी आहेत. त्यातल्याच एकात मी तपासणी विभागात बसते. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा उठवलेला असतो. पहिल्या आठाचा अर्थ असा की हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण सोसल्यावर तुटेल. दुसरा आठ सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणला तर सोडल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येईल, त्यापुढे गेला तर कायमचा लांबेल. आयएस 1367 हे आमचं पोथीपुस्तक. लॉट पास झाला की माझी जबाबदारी संपते. तो बोल्ट पुढे कोण, कुठे, कसा आवळतो हे मला दिसत नाही.

ते पाहायची वेळ घरच्या गाडीमुळे आली. 2018 च्या जुलैत वसई-विरार कसं बुडालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. 9 आणि 10 तारखेला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, विरारकडच्या लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसं अडकली. आमच्या गावातल्या वाडीत बाबांची मारुती 800 उभी होती. पाणी दरवाजाच्या वर गेलं आणि बराच वेळ उतरलं नाही. ओसरल्यावर डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ. बाबांनी किल्लीला हात लावू दिला नाही, ते शहाणपणाचं ठरलं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

इन्शुरन्स जुना, गाडी त्याहून जुनी. गॅरेजवाल्यांकडे तेव्हा बुडालेल्या गाड्यांची रांग होती. शेवटी भावाने आणि मी इंजिन उतरवून पडवीत आणलं. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं असलं तरी रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं मिळतं. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं, कार्बुरेटरचं हे इंजिन दोन माणसं उचलू शकतात. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. "बाय, खोलायला कोणीपण खोलतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "बसवताना कळतं."

खोलण्याचं, धुण्याचं, बोअरमधला गंज होनिंगने काढून घेण्याचं काम कुठल्याही गाडीला सारखंच असतं, ते सांगत बसत नाही. मला अडकवून ठेवलं ते आवळण्याने. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हेडच्या बोल्टांपुढे छापलं होतं: साडेपाच ते सहा किलोग्रॅम-मीटर, म्हणजे 55 ते 60 न्यूटन-मीटर. मेन बेअरिंगच्या कॅपना 43 ते 48. कनेक्टिंग रॉडच्या नटांना 28 ते 32. मॅन्युअलचं पान तिथे संपत होतं. माझा प्रश्न तिथे सुरू झाला, कारण फॅक्टरीत मी रोज जे मोजते ते हे नव्हतंच.

आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग असते. हेड आणि ब्लॉकला धरून ठेवतो तो हा ताण. पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या पन्नास पटींच्या आसपास जातो. या इंजिनचा बोअर साडेअडुसष्ट मिलिमीटरचा. हिशेब केला तर एका सिलिंडरमागे हेडला वर ढकलणारं बल पावणेदोन टनांच्या वर भरतं आणि ते मिनिटाला हजारो वेळा येतं-जातं. बोल्टांचा मिळून ताण त्याच्यापेक्षा भरपूर जास्त असला तरच गॅस्केट दबलेलं राहतं. कमी पडला तर गॅस्केट फुंकतं. फार झाला तर बोल्ट तरी लांबतो किंवा ब्लॉकमधले आटे तरी निघून येतात. म्हणजे हवा असतो ताण, टनात. पान्यावर मोजतो तो पीळ, किलोग्रॅम-मीटरमध्ये. या दोघांच्या मधे घर्षण बसलेलं असतं.

ते किती खातं हे आमच्या टेस्टिंगच्या बाकावर बघायला मिळतं. लोड सेलमधून बोल्ट घालायचा, नट आवळायचा, एका डिस्प्लेवर पीळ दिसतो आणि दुसऱ्यावर ताण. दहा मिलिमीटरचा 8.8 चा कोरडा, स्वच्छ बोल्ट घेतला आणि 49 न्यूटन-मीटर पीळ दिला, तर ताण अडीच टनांच्या आसपास येतो. त्याच लॉटमधल्या दुसऱ्या बोल्टच्या आट्यांना आणि वायसरला इंजिन ऑइलचं बोट फिरवलं, पीळ तेवढाच ठेवला, की आकडा सव्वातीन टनांच्या घरात जातो. हा त्या बोल्टच्या सोसण्याचा जवळजवळ कडा. मॉलीचं काळं ग्रीस लावलं तर त्याच पिळावर बोल्ट कडा ओलांडून कायमचा लांबतो. हातातल्या पान्याला या तिन्हींतला फरक कळत नाही. ढोबळ हिशेब असा की शंभर रुपयांचा पीळ दिला तर पन्नास बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातात, चाळीस आट्यांत, आणि ताणाच्या खात्यात दहाच जमा होतात. घासण्याचा खर्च थोडा कमी-जास्त झाला तरी त्या दहाचे पंधरा किंवा सहा व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून पडवीत माझा सर्वात जास्त वेळ आवळण्यात गेला नाही, आवळण्याआधी गेला. वसईची हवा खारी. पावसाळ्यात तर रात्री उघडा ठेवलेला पाना सकाळी तांबूस होतो. ब्लॉकमधल्या प्रत्येक भोकात टॅप हाताने फिरवून आटे साफ केले. कापणारा टॅप जोर लावून घातला तर तो आटेच खरवडतो, म्हणून बोटांनी फिरेल तेवढाच. पंपाच्या हवेने भोकं फुंकली, मग काठीला कापड गुंडाळून तळ पुसला. हे तळ पुसणं काकांनी शिकवलं. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट उतरवला, की खाली अडकलेल्या तेलाला जायला जागा नसते. पाना म्हणतो बोल्ट आवळला, पण बोल्ट तेलावर टेकलेला असतो. जास्त जोर केला तर ब्लॉकलाच तडा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये असा ब्लॉक त्यांनी पाहिला होता. "ब्लॉक गेला म्हणजे इंजिन गेलं," ते म्हणाले, "आणि कारण काय, तर चमचाभर तेल."

टॉर्क रेंच मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणला. हार्डवेअर आणि हत्यारांच्या त्या गल्लीत दुकानदाराने तीन काढून ठेवले. मी अर्ध्या इंचाच्या चौकोनाचा, 'टक्' आवाज करणारा घेतला. अशा रेंचकडून आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चार टक्क्यांच्या आत राहण्याची अपेक्षा असते. फॅक्टरीतली हत्यारं ठरलेल्या मुदतीने कॅलिब्रेशनला जातात, घरच्याला कोण पाठवणार? पण पीळ म्हणजे वजन गुणिले अंतर, एवढं शाळेत शिकलेलं पुरतं. बादलीत पाणी भरून किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर वीस किलो करून आणलं. रेंचचा चौकोन वाइसमध्ये आडवा धरला आणि चौकोनाच्या मध्यापासून तीस सेंटीमीटरवर बादली टांगली. वीस किलो गुणिले 0.3 मीटर, झाले सहा किलोग्रॅम-मीटर. दांड्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, ते धरलं की त्यात दोन-तीन टक्के वाढतात. रेंच सहाला लावून बादली हळूच सोडली, टक् झालं. साडेसहाला लावला, झालं नाही. घरच्या कामाला एवढी खात्री बस झाली. काकांना मात्र बादलीची गंमत वाटली. "चाळीस वर्षं मी या हाताने आवळलं," ते म्हणाले, "हात सांगतो ना."

त्यांच्या हाताची थट्टा करायची माझी इच्छा नव्हती, पण आकडा बघायची होती. पडवीत एक भंगारातला ब्लॉक होता. त्यात त्यांनी रिंग पान्याने दहाचा बोल्ट आवळला. आवळलेल्या बोल्टवर टॉर्क रेंच ठेवून पुढे ढकललं तर खरा आकडा येत नाही. थांबलेल्या बोल्टला हलवायला सरकत्या बोल्टपेक्षा जास्त जोर लागतो. म्हणून बोल्टच्या डोक्यावर आणि ब्लॉकवर मिळून एक रेघ मारायची, बोल्ट सोडायचा आणि पुन्हा रेघ जुळेपर्यंत आवळून तेव्हाचा पीळ वाचायचा. काकांचा आकडा मॅन्युअलच्या हद्दीत बसला. दुसराही बसला. मग मी त्यांना सम्पचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, सहा मिलिमीटरचा बोल्ट दिला. त्याला दहा न्यूटन-मीटर पुरतात, काकांनी पंधराच्या पुढे नेला. त्यांनी पाना खाली ठेवला आणि बोल्ट दोन बोटांत धरून बघितला. "सहाचा मला हाताला लागतच नाही," ते म्हणाले. एसटीच्या इंजिनांवर आयुष्य गेलेल्या हाताने लहान बोल्टला जास्त दाबावं यात नवल नाही. सम्पच्या कडा वाकलेल्या आणि तेल गळणाऱ्या गाड्या रस्त्यावर एवढ्या का दिसतात, याचं उत्तर मला त्या पंधरात मिळालं.

पण त्याच वेळी मला हेही दिसलं की काकांचा हात आणि माझा रेंच एकाच पंगतीत बसलेले आहेत. दोघंही पीळच मोजतात. आट्यांत गंज असला तर दोघंही फसतात, तेल जास्त असलं तरी दोघंही फसतात. रेंच फसताना चार टक्क्यांच्या आत राहून फसतो, एवढाच फरक. नुसत्या टॉर्कवर आवळलेल्या बोल्टांच्या ताणात एकमेकांत पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत फरक पडतो, हे आमच्या बाकावरही दिसतं. म्हणूनच आजकालच्या बऱ्याच इंजिनांत आधी थोडा टॉर्क द्यायला सांगतात आणि मग ठरावीक अंश फिरवायला. अंशांना घर्षणाशी देणंघेणं नसतं, आट्याच्या चालीनुसार बोल्ट तेवढा लांबतोच. त्यातले काही बोल्ट मुद्दाम कड्यापलीकडे ताणतात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात. मारुती 800 च्या मॅन्युअलात अंशांचा पत्ता नव्हता.

या इंजिनात एकच जागा अशी निघाली जिथे पिळाच्या आड न जाता थेट ताणापर्यंत पोचता येतं. ती म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. हेडचा बोल्ट ब्लॉकच्या पोटात संपतो, त्याचं टोक दिसत नाही. रॉडच्या बोल्टची दोन्ही टोकं बाहेर असतात. आवळण्याआधी मायक्रोमीटरने लांबी घ्यायची, आवळल्यावर पुन्हा घ्यायची. जेवढा बोल्ट लांबला तेवढा तो ताणला गेला. इथे घर्षण खोटं बोलू शकत नाही. आणि या बोल्टांवरच सगळ्यांत जास्त भार. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा त्याला खाली खेचून आणणारे हेच दोन बोल्ट. एक तुटला तर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

फॅक्टरीतला मायक्रोमीटर मालकांना विचारून शनिवारी घरी आणला. क्रँक बसवला होता, बेअरिंगच्या शेलना तेल होतं, नटांचे आटे मी पुसून एकेक थेंब तेल दिलं होतं. प्रत्येक रॉडच्या दोन्ही नटांना आलटूनपालटून, आधी पंधरा, मग तीस न्यूटन-मीटर. टक्, टक्. भाऊ वहीत लांबी लिहीत होता. तीन रॉड, सहा बोल्ट. पाच बोल्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात नऊ ते दहा लांबले होते. मधल्या रॉडचा एक फक्त सहा. रेंचने त्यालाही तोच टक् दिला होता.

नट सोडून उलटा केला. टेकणाऱ्या तोंडावर, कडेजवळ, गंजाने खाल्लेला एक खड्डा होता आणि त्याच्या बाजूला धातूची बारीक कोर उठली होती. नखाला जेमतेम लागत होती. आवळताना ती कोर रॉडच्या कॅपवर घासून पीळ खात होती आणि बोल्टपर्यंत कमी पोचत होता. नवीन नट आणून लावला, पुन्हा तीस, पुन्हा टक्. या वेळी नऊ. काका चष्मा लावून मायक्रोमीटरकडे बघत होते. "म्हणजे टक् झालं तरी ढिला होता," ते म्हणाले. ढिला म्हणण्याइतका नव्हता, पण बाकीच्या पाचांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी ताणलेला होता, आणि मायक्रोमीटर नसता तर तो तसाच आत गेला असता.

हेडला हा उपाय नव्हता, तिथे सगळी भिस्त तयारीवर. गॅस्केटची जागा साफ, स्ट्रेट एज ठेवून खाली फीलर गेज घालून हेड वाकलेलं नाही ना ते पाहिलेलं, बोल्टांचे आटे ब्रशने घासलेले, आट्यांना आणि डोक्याखाली सारखंच तेल. मधल्या बोल्टांपासून सुरुवात आणि आलटूनपालटून कडेकडे. पहिल्या फेरीत सगळे दोनला, दुसरीत चारला, तिसरीत साडेपाचच्या पुढे. एकदम शेवटचा आकडा देत नाहीत, कारण गॅस्केट दबत जातं तसे आधी आवळलेले बोल्ट पुन्हा सैल पडतात. शेवटच्या फेरीत एकच पथ्य पाळायचं: ओढ सावकाश आणि अखंड ठेवायची, मधेच थांबायचं नाही. टक् व्हायच्या तोंडाशी थांबून पुन्हा ओढलं, तर थांबलेल्या बोल्टला हलवण्यातच टक् होऊन जातं आणि बोल्ट जागचा हलतही नाही. झालेल्या बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका. काकांनी कुठल्याही बोल्टला हात लावला नाही, पण प्रत्येक टक् ला मान हलवत होते.

काम संपल्यावर रेंच शून्याजवळ सैल करून, तेलाचं कापड गुंडाळून पेटीत गेला. दाबून ठेवला तर आतली स्प्रिंग थकते. नट सोडायलाही तो वापरायचा नाही. भावाने एकदा उचलला होता, काकांनीच त्याला दटावलं. गाडी सुरू झाली, गळत नाही, बाबा ती अजून बाजाराला नेतात. हेड गॅस्केट आजपर्यंत गप्प आहे.

आता कोणी टॉर्क रेंच कुठला घेऊ असं विचारलं तर मी आधी विचारते, आटे साफ करायला काय आहे? वायर ब्रश, योग्य मापाचा टॅप, पुसायला कापड आणि एकाच प्रकारचं तेल, एवढं हाताशी नसेल तर महागातला रेंचसुद्धा फक्त महागातला अंदाज देतो.

पडवीतल्या त्या कामाचा फॅक्टरीतही परिणाम झाला. मधे एका ग्राहकाची तक्रार आली की आमचे बोल्ट जोडणी करताना तुटतात. लॉट मीच पास केला होता. राखून ठेवलेले नमुने पुन्हा ओढले, सगळे 800 च्या वर गेले. तुटलेले बोल्ट मागवले तर आट्यांना काळं ग्रीस. त्यांच्या जोडणीच्या तक्त्यावर कोरड्या बोल्टचा टॉर्क होता आणि लाइनवरच्या मुलांनी पटकन फिरावेत म्हणून बोल्ट ग्रीसमध्ये बुडवले होते. त्यात कोणाची लबाडी नव्हती. तक्त्यावर आकडा होता, तो कोणत्या बोल्टसाठी हे लिहिलेलं नव्हतं. मी मालकांना बाकावर नेऊन तिन्ही रीडिंगं दाखवली: कोरडा, तेलाचा, ग्रीसचा. पीळ एक, ताण तीन. तेव्हापासून आमच्या टेस्ट रिपोर्टात टॉर्कच्या आकड्याखाली एक ओळ जास्त छापली जाते, प्लेटिंग कुठलं आणि आटे कोरडे की तेलाचे. ग्राहकांपैकी काही जण फोन करून विचारतात की ही ओळ कशाला. त्यांना मी युनिटवर बोलावते.